"काकू, यात काही होतं का?"

दुकानातल्या पोराने हे विचारलं तेव्हा माझी हार्ड डिस्क त्याच्या हातात होती आणि नजर मोबाइलवर. मला तिथल्या तिथे कळायला हवं होतं. मी म्हटलं, "अरे, सगळंच होतं." तो म्हणाला, "बरं," आणि डिस्क पिशवीत टाकून सीपीयूसकट माझ्यासमोर ठेवली. मी पैसे दिले. चक्क आभार मानले.

घरी येऊन डिस्क लावली. खिडकी उघडली, 'न्यू व्हॉल्यूम', ९३१ जीबी, सगळी रिकामी. (एक टीबीची डिस्क विंडोजमध्ये ९३१च दिसते, ते कमी पडलेले नसतात.) पण मला घाम फुटला तो वेगळ्याच गोष्टीने. माझ्या डिस्कचे दोन भाग होते, ई आणि एफ. आता एकच अक्षर दिसत होतं. फाइली कुणाच्या हातून चुकून उडू शकतात, दोन भागांचा एक भाग आपोआप होत नाही. कुणीतरी बसून तो केला होता.

मी बोरिवलीत घरून सात-आठ दुकानदारांचे हिशेब लिहिते. एफमध्ये त्यांचा टॅलीचा डेटा, ईमध्ये घरचे फोटो. त्या दिवशी ९ तारीख होती आणि ११ला जीएसटीआर-१. शिवाय जीएसटीचे हिशेब वार्षिक विवरणाच्या मुदतीपासून ७२ महिने सांभाळावे लागतात, म्हणजे जुनं गेलं तर गेलं असंही म्हणता येत नाही.

डिस्क दुकानात मी हौसेने नेली नव्हती. "सी ड्राइव्हमधलं उतरवून घ्यायला एखादी डिस्क आणा," हे त्यांनीच सांगितलं होतं. उतरवलंही. मग ती यूएसबीला तशीच लटकत ठेवून विंडोज टाकायला घेतलं. इन्स्टॉलेशनच्या पडद्यावर ड्राइव्ह ०, ड्राइव्ह १ अशी यादी येते. बाहेरच्या डिस्कवर विंडोज बसणार नाही असं तो पडदा सांगतो, पण तिचे पार्टिशन डिलीट करायला अडवत नाही. पोराने सरसकट डिलीट मारलं असणार. बरं, तिथे थांबला असता तर दोन्ही भाग बहुधा नावानिशी परत आले असते. त्यावर त्याने एक मोठा नवा भाग करून फॉरमॅट मारला. मला हात-पाय गाळायला लावलं ते त्या झाकपाकीने.

परत गेले. मालक आधी म्हणाले, डिस्क जुनी होती. मग म्हणाले, व्हायरस असेल. मग म्हणाले, "काकू, बॅकअप ठेवायला हवा होता ना."

अहो, तीच बॅकअप होती!

"तुम्हाला नाही कळणार ते टेक्निकल," असंही वर ऐकून घेतलं. तीस वर्षं लोकांचे ताळेबंद जुळवलेत मी. मला नाही कळणार. पावतीच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरात 'डेटाची जबाबदारी ग्राहकाची' छापलेलं होतं, ते मात्र त्यांनी बोट ठेवून वाचून दाखवलं.

अंधेरीला एक डेटा रिकव्हरीवाले आहेत, त्यांच्याकडे गेले. अठरा ते पंचवीस हजार, आणि डिस्क नुसती तपासायचे आधी वेगळे. लोकलमध्ये उभ्याने परत येताना पुण्याच्या भाचीला फोन लावला. ती पहिलं वाक्य बोलली ते तुम्हीही लिहून ठेवा: "मावशी, डिस्कवर आता काहीही लिहू नकोस." नवी फाइल नाही, फॉरमॅट नाही, दुरुस्तीचं सॉफ्टवेअरही त्याच डिस्कवर उतरवायचं नाही. पार्टिशनची यादी म्हणजे सोसायटीच्या जिन्याखालचा नावांचा बोर्ड. बोर्ड काढला म्हणून बिऱ्हाडं उठत नाहीत. पण रिकामी खोली समजून दुसरं कुणी राहायला आलं, की संपलं. जुन्या पद्धतीच्या डिस्कवर तो बोर्ड पहिल्या ५१२ बाइटच्या सेक्टरमधल्या अवघ्या ६४ बाइटांत असतो, जागा चारच नावांची.

टेस्टडिस्क नावाचं सॉफ्टवेअर आहे, क्रिस्टोफ ग्रेनिए या फ्रेंच माणसाने लिहिलेलं, फुकट. त्याचाच जोडीदार फोटोरेक. काळा पडदा, माउस चालत नाही, बाणांच्या कळांनी फिरायचं. घाबरू नका, मीही घाबरलेच होते.

आधी अख्ख्या डिस्कची प्रतिमा काढायची आणि सगळे प्रयोग तिच्यावर. इथे मी ठेच खाल्ली: एक टीबीची नवी डिस्क आणली आणि प्रतिमा तीत मावेना. एक टीबीसाठी दोन टीबीची घ्या. आणि निळ्या यूएसबी पोर्टला लावा. माझ्या सीपीयूला काळेच पोर्ट, रात्री दहाला लावलेलं सकाळी सातला संपलं.

'क्विक सर्च'ने नुसता तो पोराचा नवा भाग दाखवला. रडू आलं. 'डीपर सर्च' लावला आणि दीड-दोन तासांनी यादीत माझा एफ उभा! तो डिस्कच्या मध्यावर सुरू होत होता, त्यामुळे नवा फॉरमॅट त्याच्या उंबऱ्यापर्यंत पोचलाच नव्हता. 'पी' दाबलं की आतल्या फाइली दिसतात. त्या नावानिशी दिसल्या तर आधी कॉपी करून घ्या. 'राइट' दाबून पार्टिशन परत बसवायची घाई करू नका. ११ तारखेचं विवरण ११लाच गेलं, दुकानदारांना काही कळलंही नाही.

ईचं नशीब तसं नव्हतं. त्याच्या अनुक्रमणिकेवरच नवी अनुक्रमणिका बसली. फोटोरेकने फोटो काढून दिले, पण नावं, फोल्डर काही नाही. एफ आणि पुढे आकडे, अशा हजारो फाइली. कॅमेऱ्याच्या फोटोत तारीख आतच असते, 'डेट टेकन'ने लावता येतात. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्यांत ती नसते. आईचा शेवटचा वाढदिवस सुप्रभातच्या गुलाबांमध्ये मिसळलाय, अजून वेचतेय.

हे सगळं फिरत्या हार्ड डिस्कचं. एसएसडी असेल तर फॉरमॅटनंतर आशा फारच कमी, कारण ती मोकळी झालेली जागा स्वतःच पुसून टाकते. डिस्क टकटक आवाज करत असेल तर घरी काही करू नका, तिथे अंधेरीवाल्यांसारख्यांनाच पैसे मोजावे लागतात. बाकी बॅकअप दोन ठेवा वगैरे सगळेच सांगतात, मीही सांगते. पण खरं सांगू? दुकानात सीपीयू द्याल तेव्हा पावतीवर 'सोबत हार्ड डिस्क १, डेटासह' हे शब्द लिहून घ्या. माझ्या पावतीवर नुसतं 'सीपीयू १' होतं. म्हणूनच १९१५ या ग्राहक हेल्पलाइनचा नंबर फिरवायला गेले आणि ठेवून दिला. दाखवणार काय होते?

परवा त्या गाळ्यावरून गेले. बाहेर नवी पाटी लागली आहे: 'डेटा रिकव्हरी करून मिळेल.'