कागदी क्रौंचाची अवघड घडी

कागदाच्या घड्या घालून पशुपक्षी निर्माण करण्याच्या कलेस जपानी भाषेत 'ओरिगामी' असे नाव आहे. 'ओरि' म्हणजे घडी व 'कामी' म्हणजे कागद. या कलेतील सर्वांत प्रसिद्ध आकृती क्रौंच पक्ष्याची होय. १७९७ साली क्योतो येथे प्रसिद्ध झालेल्या 'हिदेन सेनबाझुरु ओरिकाता' या ग्रंथात एकाच कागदापासून परस्परांस जोडलेले अनेक क्रौंच कसे करावेत, हे दाखविलेले आहे. यावरून एकटा क्रौंच करणे तत्कालीन वाचकांच्या हातचा मळ असावा, असे दिसते. आपल्या शाळेतील विद्यार्थी होडी व विमान सहज करतात. परंतु क्रौंच करू लागले म्हणजे बहुतेक सर्व जण एकाच ठिकाणी अडतात. ते स्थळ कोणते व तेथून पार कसे पडावे, एवढाच या लेखाचा विषय आहे.

प्रथम तयारी पाहू. १५ सेंटिमीटर बाजूचा, एका अंगाने रंगीत असा चौरस कागद घ्यावा. रंगीत अंग वर ठेवून दोन्ही कर्णांवर एकेक घडी घालून उलगडावी. नंतर कागद पालथा करून दोन्ही मध्यरेषांवर घड्या घालाव्यात व त्याही उलगडाव्यात. आता चारही कोपरे एकत्र आणले असता रंगीत अंग बाहेर राहून साडेसात सेंटिमीटर बाजूचा लहान चौरस तयार होतो. त्याचे सुटे कोपरे आपल्याकडे येतील असा तो मेजावर ठेवावा. वरच्या पदरांच्या खालच्या दोन्ही कडा मधल्या उभ्या रेषेवर आणून दाबाव्यात, म्हणजे पतंगासारखा आकार होतो. वर उरलेला लहान त्रिकोण त्यावर मोडून घ्यावा. मग या तीनही घड्या उलगडाव्यात.

येथवर कोणासही अडचण येत नाही. यापुढे सर्वांत वरच्या पदराचे खालचे टोक उचलून वर न्यावयाचे असते आणि त्या पदराची फुलाच्या पाकळीसारखी लांबट घडी व्हावयाची असते. येथेच घोटाळा होतो. टोक वर ओढावे, तो बाजू आत येण्याऐवजी बाहेर पसरतात, मध्ये चुण्या पडतात आणि जोर केल्यास कागद फाटतो.

गेल्या पावसाळ्यात इयत्ता आठवीतील एक विद्यार्थी असाच अडला. तीन कागद वाया गेल्यावर तो माझ्याकडे येऊन म्हणाला, "सर, एवढी एकच घडी तुम्ही घालून द्या." मी ती क्षणात घालून दिली. तो आनंदाने परतला; मलाही आपण साहाय्य केले असे वाटले. दुसऱ्या दिवशी तो नवा कागद घेऊन पुन्हा त्याच घडीपाशी उभा! त्याच्या हाती क्रौंच आला होता. घडी आली नव्हती. मी पुन्हा हात पुढे केला, तेव्हा तो संकोचाने म्हणाला, "नको सर. कालचा क्रौंच मी उलगडून पाहू का?"

त्याने तो सावकाश उलगडला व आपल्या कागदाशेजारी ठेवून दोहोंतील घड्यांच्या रेषा बोटाने चाचपू लागला. थोड्या वेळाने तो उद्गारला, "सर, माझ्या ज्या रेषा आत दबल्या आहेत, त्या तुमच्या कागदावर वर उठल्या आहेत!"

त्याचे निरीक्षण अगदी बरोबर होते. घडी दोन प्रकारची असते. जिची रेषा आपल्या बाजूस उंच उठते ती डोंगरघडी, जपानीत 'यामाओरी'. जिची रेषा खोल जाते ती दरीघडी, म्हणजे 'तानिओरी'. पतंगाचा आकार करताना सर्वांत वरच्या पदरावर ज्या दोन तिरप्या रेषा पडतात, त्या दरीघड्या असतात. परंतु टोक वर उचलताना त्याच रेषा डोंगरघड्या व्हाव्या लागतात. आडवी रेषा मात्र दरीघडीच राहते. नवशिका तीनही रेषांना पूर्वीच्याच बाजूस वळवू पाहतो. म्हणून कागद विरोध करतो. माझी बोटे ही उलटापालट नकळत करीत असत, आणि म्हणूनच ती माझ्या मुखातून कधी निघाली नव्हती.

यावर उपाय सोपा आहे. टोक उचलण्यापूर्वी केवळ वरच्या एका पदरावरील त्या दोन तिरप्या रेषा चिमटीत धरून उलट बाजूस मोडाव्यात व नखाने घासून पुन्हा सोडाव्यात. मग आडव्या रेषेच्या वरील भाग एका बोटाने दाबून धरावा व दुसऱ्या हाताने फक्त वरच्या पदराचे टोक हळूहळू उचलावे. मध्ये होडीसारखा पोकळ आकार दिसू लागला की वाट बरोबर आहे असे समजावे. बाजू आपोआप आत येतात व त्यांच्या कडा मध्यरेषेवर भेटतात. तेव्हाच दाबावे, आधी नव्हे. कागद पालथा करून मागेही असेच करावे.

घडी साधली की नाही, हे फूटपट्टी सांगेल. खालच्या टोकापासून आडव्या रेषेपर्यंतचे अंतर साडेसात सेंटिमीटर असते. टोक उचलले की ते रेषेच्या वर तितकेच जाते. म्हणून तयार झालेल्या लांबट आकृतीची उंची १५ सेंटिमीटर, म्हणजे मूळ कागदाच्या बाजूएवढी, भरली पाहिजे. ती कमी भरल्यास दोष या घडीत न शोधता आरंभीच्या घड्यांत शोधावा. कोपऱ्यावर कोपरा नीट बसला नसेल. पुढे मान, शेपूट व पंख करणे त्यामानाने सोपे आहे.

अशा घड्यांत भूमिती कशी भरलेली आहे, हे टी. सुंदरराव या आपल्याच देशातील गणितज्ञाने १८९३ साली मद्रास येथे प्रसिद्ध केलेल्या इंग्रजी ग्रंथात विस्ताराने दाखविले. पतंगाची प्रत्येक कड मध्यरेषेवर आणताना आपणही ४५ अंशांचा कोन दुभागीत असतो, व त्यास कंपासपेटी लागत नाही.

त्या विद्यार्थ्याने त्याच दिवशी आपला पहिला क्रौंच स्वहस्ते पुरा केला. त्याचा एक पंख किंचित वाकडा होता, पण घडी त्याची स्वतःची होती. आता कोणी विद्यार्थी कागद घेऊन आला, तर मी तो त्याच्या हातून घेत नाही. एक तयार क्रौंच त्याच्यापुढे ठेवतो आणि म्हणतो, "हा उलगडून पाहा."