थर्मामीटर असताना डेटा लॉगर कशाला?

प्रश्न : तालुक्याच्या गावी माझं लहान मुलांचं क्लिनिक आहे. लसींच्या फ्रिजचं तापमान आम्ही सकाळ-संध्याकाळ वहीत लिहितो. तरीही डेटा लॉगर घ्यावा का?
– एक वाचक, जि. सांगली

उत्तर : अवश्य घ्या. वहीतल्या नोंदी त्या दोन क्षणांपुरत्याच खऱ्या असतात. रात्री वीज गेली आणि पहाटे आली, तर सकाळी थर्मामीटर पुन्हा ५ अंश दाखवतो. मधल्या तासांचा पत्ताच लागत नाही. लॉगर दर काही मिनिटांनी आपोआप नोंद ठेवतो.

फ्रिजमधल्या लसींना २ ते ८ अंश सेल्सिअस तापमान लागतं. उष्णतेची काळजी सगळेच घेतात, पण पेंटाव्हॅलंट, हिपॅटायटिस बी, टीडी या लसी गोठल्या तरी वाया जातात. कुपीवरचा व्हीव्हीएम (व्हॅक्सिन व्हायल मॉनिटर) फक्त उष्णतेचा परिणाम दाखवतो, गोठल्याचा नाही. तापमान गोठण्याइतकं उतरलं होतं का, ते लॉगरवरून कळतं.

ग्लायकॉलच्या बाटलीत बुडवलेला प्रोब असलेला लॉगर निवडा. दार उघडलं की लगेच आकडा उडत नाही, लसीच्या तापमानाचा खरा अंदाज येतो. प्रोब मधल्या कप्प्यात, लसींच्या शेजारी ठेवा. दारात किंवा फ्रीझरखाली नको. कॅलिब्रेशनचं प्रमाणपत्र मागून घ्या.

लॉगरचा अलार्म वाजल्यास लसी फेकू नका आणि टोचूही नका. ‘वापरू नये’ अशी चिठ्ठी लावून योग्य तापमानात वेगळ्या ठेवा, लॉगरमधला तापमानाचा आलेख पाठवून लस कंपनीचा सल्ला घ्या. सकाळ-संध्याकाळची तपासणी मात्र चालूच ठेवा, म्हणजे बिघाड वेळीच लक्षात येईल.