शास्त्रपाठ : जगाचा न्याय आणि घरचा तंटा

वाचावयाचा भाग : १ करिंथ ६:१–८; मत्तय १८:१५–१७; दानीएल ७.



चौलच्या नारळी-पोफळीच्या वाड्यांत कुंपणाच्या हातभर जागेवरून किंवा विहिरीच्या पाण्यावरून भावाभावांत तंटा उठला, म्हणजे तो अलिबागेच्या कोर्टापर्यंत जावयास वेळ लागत नाहीं. ते दोघे भाऊ प्रभूच्या एकाच मेजाशीं बसणारे असले तर मंडळीनें काय करावें, हें आज पाहूं.

१. पत्र कोणास लिहिलें? करिंथ हें चौलसारखेंच व्यापाराचें ठिकाण. त्याच्या एका बाजूस लेखियोन व दुसऱ्या बाजूस किंख्रिया अशीं दोन बंदरें होतीं. तेथील न्यायासनापुढें पौलाला ओढून नेलें होतें. सुभेदार गल्लियो यानें तो खटला ऐकण्याचेंच नाकारिलें, आणि सोस्थनेसाला डोळ्यांदेखत मार बसला तरी पर्वा केली नाहीं (प्रे. कृ. १८:१२–१७). तेव्हां पौल हा ऐकीव गोष्ट सांगत नाहीं.

२. त्याचें कारण काय? पवित्र जन जगाचा व देवदूतांचाहि न्याय करणार आहेत, असें तो म्हणतो. चौलच्या खाडीवर निजामशाही झाली, पोर्तुगीज झाले, १७४० सालीं मराठे आले, मग इंग्रज आले. प्रत्येकाचें न्यायासन मांडलें गेलें आणि मोडलें; रेवदंड्याच्या कोटाच्या पडक्या भिंती याची साक्ष देतात. दानीएलानें पाहिलेलें राज्य मात्र टिकणारें आहे, व त्यांत पवित्र जनांस वांटा आहे. तरी फुगून जाऊं नये. न्यायाधीश ख्रिस्त आहे. आपला अधिकार त्याच्या कृपेचा आहे, आणि त्याची वेळ अजून आली नाहीं (१ करिंथ ४:५). अधिकार पुढचा, पण त्याचें शिक्षण आजचें. ज्यास कुंपणाचा निवाडा निःपक्षपातानें करवत नाहीं, तो जगाचा कसा करील?

३. रीत कोणती? प्रथम एकांतांत भावाकडे जावें. मग एक-दोन साक्षी न्यावे. मग मंडळीस सांगावें. पंच नेमावयाचे ते कोणाचे सोयरे नसावे, कोणाचे देणेकरी नसावे. गरिबाचें व श्रीमंताचें सारखेंच ऐकणारे असावे (अनुवाद १:१६–१७). या किनाऱ्यावरील बेने इस्राएल लोकांतहि मुकादम व काजी आपसांतील तंटे मिटवीत असत. महाराष्ट्र सरकारनें २००७ सालीं महात्मा गांधी तंटामुक्त गांव मोहीम सुरू केली, ती याच हेतूनें कीं गांवचा तंटा गांवांतच मिटावा. मग ख्रिस्ताच्या मंडळीनें मागें राहावें काय? ठरेल तें कागदावर लिहून दोघांच्या सह्या घ्याव्या, आणि जमिनीची वाटणी असल्यास तिची सरकारदरबारीं रीतसर नोंद करून घ्यावी.

४. मर्यादा कोणती? मारहाण, स्त्रीवर किंवा लेकरावर अत्याचार, हे तंटे नव्हेत. हे गुन्हे आहेत. अशांसाठींच देवानें अधिकारी नेमिले आहेत (रोम १३:१–४), आणि पौलानेंहि कैसराकडे दाद मागितली (प्रे. कृ. २५:११). मंडळीच्या अब्रूसाठीं असें पाप झांकणें म्हणजे दुसरें पाप करणें होय. तसेंच विधवेच्या दिराला तिची वाडी गिळूं द्यावयाची आणि तिला मात्र “सोसून घे, बाई” असें सांगावयाचें, हा या पाठाचा दुरुपयोग आहे. सातव्या वचनांत सोसण्याविषयीं सांगितलें आहे खरें. पण लगेच आठव्यांत अन्याय करणाऱ्या भावाला दोष लाविला आहे. सोसावें हें ज्याचें त्यानें आपणांस सांगावें. दुबळ्यावर तें लादूं नये. बळवंतानें मात्र हातभर जागा आधीं सोडावी. वाडीची शीव आज ना उद्यां दुसऱ्याच्या हातीं जाईल. भाऊ सर्वकाळ आपल्या जवळ असावयाचा आहे.

विचार करण्याजोगे प्रश्न :
(१) आपल्या मंडळीत कोणता जुना तंटा अजून मिटला नाहीं?
(२) निःपक्षपाती असे तीन पंच आपल्यांत कोण आहेत?
(३) येत्या प्रभुभोजनापूर्वीं आपण कोणाच्या दारीं जावें?