आबांविषयी लिहिताना

चि. बाळ यास,

तुझे पत्र पावले. आबांच्या स्मरणार्थ निघणाऱ्या पुस्तिकेत तू लेख लिहिणार आणि त्याकरिता त्यांच्या लढाईच्या हकिकती मजकडे मागतोस, हे वाचून संतोष वाटला. आबा पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या पलटणीत होते. मार्च 1941 मध्ये एरिट्रियातील केरेनच्या उघड्याबोडक्या डोंगरांत इटालियन फौजेशी जी निकराची झुंज झाली, तीत या पलटणीने फ्लॅट टॉप नावाची टेकडी काबीज केली; पुढे 10 जुलै 1944 रोजी इटलीत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, याच पलटणीतील नाईक यशवंत घाडगे यांना वीरमरण येऊन मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, तेव्हाही आबा तेथेच तैनात होते. हे अवश्य लिही. परंतु लेखाचा मोठा भाग त्यांच्या सुतारकामाला दे, असा माझा आग्रह आहे.

हवालदाराचा हुद्दा भोगलेला, हुकूम सोडण्याची सवय जडलेला गृहस्थ तिशी उलटल्यावर गावी परततो आणि वयाने आपल्याहून लहान अशा मिस्त्रींच्या पडवीत बसून वर्षभर केवळ पटाश्या आणि रंध्यांची पाती निसण्यावर पाजळीत राहतो, ही गोष्ट मला केरेनच्या चढाईहून कमी कठीण वाटत नाही. मराठ्याने बलुतेदाराच्या पायाशी बसावे काय, म्हणून भावकीने नाके मुरडली. कचेरीत पट्टेवाल्याची जागा मिळवून देण्याची तयारीही कित्येकांनी दाखवली. आबांनी कोणास उत्तर दिले नाही. आणि वडिलोपार्जित हुन्नर परक्याच्या हाती निःशंकपणे सोपवणाऱ्या त्या मिस्त्रींचे औदार्य तर आपल्या घराण्याने आजवर पुरेसे उच्चारलेलेच नाही.

आपल्या माजघराचे दार एकदा नीट पाहा. चौकटीतील सागाची फळी आबांनी कोठेही खिळ्याने जखडलेली नाही. ती खोबणीत मोकळी बसवून दोन्ही बाजूंस किंचित अवकाश ठेवला आहे, कारण लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही, पण आडव्या अंगाने पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. कोकणातल्या पावसात गावातली निम्मी दारे अडतात, हे दार आजही बोटाने लोटता येते. चौकटीचे कुसू खाचेत बसवताना ते कोळशाची पूड लावून पाहत, जेथे काळा डाग उमटेल तेवढेच पटाशीने केसभर तासत आणि पुन्हा बसवून पाहत. जो सांधा कायमचा झाकला जाणार, त्यातही हयगय म्हणून त्यांना ठाऊक नव्हती.

लष्करी शिस्तीमुळे ते उत्तम सुतार झाले, असे मात्र लिहू नकोस. लाकूड हुकुमाने वागत नाही. त्याच्या रेषेचा कल ओळखून हातच वळवावा लागतो, आणि हे त्यांना पलटणीने नव्हे, मिस्त्रींनी शिकवले.

म्हणून लेखणी हाती धरण्यापूर्वी मिस्त्रींच्या घरी जाऊन ये. त्यांचे चिरंजीव आबांबरोबर पुष्कळ वर्षे कामाला होते. ते सांगतील ते उतरवून घे आणि लेखात आबांच्या पदकांआधी त्यांच्या गुरूंचे नाव येऊ दे.

तुझा,
काका