खिरीचा सण

पालघर-बोईसरकडे नवे भात आले की आपण आधी देवाला दाखवतो, मग खातो. अलिबागकडचे बेने इस्राएल लोकही नव्या धान्याची खीर करीत. तीत नारळाचे दूध घालीत. हे लोक ज्यू. धंदा तेलाचा. शनिवारी घाणा बंद, म्हणून त्यांना म्हणत शनवार तेली.

ज्यूंचा सुगीचा सण सुक्कोथ. मिसर देश सोडल्यावर पूर्वज रानात झोपड्यांत राहिले, त्याची ही आठवण. सात दिवस झावळ्यांच्या मांडवात जेवायचे. कोकणात धर्मग्रंथ जवळ नव्हते. मांडव विसरला, खीर तेवढी उरली, असे काही अभ्यासक मानतात.

पुढे कोचीनहून शिक्षक आले. १८३२ साली हिब्रू व्याकरण मराठीत छापले. लोक वाचू लागले. मांडव पुन्हा उभा राहिला.

पाहा मंडळी, चुलीने सण राखला आणि अक्षरांनी तो पुरा केला!