धर्म बदलला, घर आणि देश?
(बी. कॉम. भाग २)

गेल्या वर्षी एका वर्गमित्राने मला सहज विचारले, "तुम्ही ख्रिस्ती; मग तुम्हांला हा देश आपला वाटतो का?" त्याच्या मनात खोट नव्हती, पण मी गप्प बसलो. त्या प्रश्नाचे उत्तर शोधताना मी लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' वाचली. प्रस्तुत लेख त्या वाचनातून लिहिला आहे.

नारायण वामन टिळकांचा जन्म १८६१ साली कोकणातला. १८९५ साली मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तोही पत्नीला विश्वासात न घेता. लक्ष्मीबाईंवर जणू आकाशच कोसळले. मुलाला घेऊन त्यांना नातलगांच्या आश्रयाने राहावे लागले. कुटुंबाच्या कर्तव्यात टिळक येथे कमी पडले, हे मान्य केले पाहिजे.

पण पुढचा भागही विसरता येत नाही. लक्ष्मीबाई पतीकडे परत आल्या त्या हिंदू म्हणूनच. त्यांचे सोवळेओवळे वेगळे राहिले आणि टिळकांनी सक्ती केली नाही. जातिभेद माणसानेच निर्माण केला, हे त्यांना स्वतःच्या विचाराने पटले. १९०० साली त्यांनी स्वखुशीने बाप्तिस्मा घेतला.

आता देशाविषयी. तुकोबांच्या वाटेने आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असे टिळक सांगत. चर्चमधील परकी वळणाची उपासना त्यांना रुचेना. म्हणून त्यांनी अभंग, ओवी व कीर्तनातून ख्रिस्त सांगितला. देशभक्तीपर कविताही लिहिल्या. १९१७ साली मिशनची नोकरी सोडून त्यांनी 'देवाचा दरबार' स्थापन केला. त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही जागा होती. १९१९ साली ते वारले. त्यांचे अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले. ज्या श्रद्धेने एकदा घर मोडले होते, तिचेच काम पत्नीने शेवटास नेले!

आमच्या चर्चमध्ये नाताळच्या उपासनेत आजी टिळकांचे मराठी अभंग म्हणते, तर शेजारच्या बाकावरचे काका कन्नड गीते गातात. दोघांनाही आपली भाषा सोडावीशी वाटलेली नाही. आईबापांचा मान राखावा, ही तर दहा आज्ञांपैकीच एक आहे. मग ख्रिस्ती होण्यासाठी घर, भाषा किंवा देश सोडावा लागतो, असे कोणी का म्हणावे?

मित्राला त्या दिवशी जे सांगता आले नाही, ते येथे लिहिले आहे. अंक हाती पडल्यावर तो वाचेल, अशी आशा आहे.