ट्रॅक्टरचा सेफ्टी स्विच : 'डायरेक्ट' करू नका, दोष शोधा

वारंगा फाट्यावर नांदेड, हिंगोली आणि हदगाव-यवतमाळकडचे रस्ते एकत्र येतात. सोयाबीनची मळणी असो की हळदीचा हंगाम, येथे ट्रॅक्टरची वर्दळ असते. ट्रॅक्टर चालू होईना की मालक आधी ऑटो इलेक्ट्रिशियनकडे धावतो. या कामात आपले अनेक कारागीर बांधव आहेत. माझा धंदा कापडाचा. पण गेल्या हंगामात दुकानासमोर जे पाहिले, त्यावरून हा विषय समजून घ्यावासा वाटला.

एका गिऱ्हाइकाचा ट्रॅक्टर चावी फिरवूनही चालू होत नव्हता. सोबतच्या पोराने खाली उतरून पेचकसाने स्टार्टरचे दोन बोल्ट एकमेकांस जोडले. ट्रॅक्टर गिअरमध्ये होता. तो चालू झाला आणि लगेच पुढे सुटला. मागचे चाक पोराच्या पायापासून वीतभर अंतरावरून गेले. नंतर पाहिले, तर क्लचच्या पायटाजवळचा छोटा स्विच चिखलाने जाम झाला होता. पाच मिनिटांच्या साफसफाईचे काम, आणि त्यासाठी जीव जाणार होता!

स्विच कशासाठी?

ट्रॅक्टर गिअरमध्ये असताना चालू होऊ नये, एवढेच या स्विचचे काम. ही कल्पना नवी नाही. इंग्लंडमध्ये १९४६ पासून बनलेल्या फर्ग्युसन टीई-२० ट्रॅक्टरमध्ये गिअरचा दांडाच ठरावीक जागी नेऊन स्टार्टर फिरवावा लागे, त्यामुळे गिअर पडलेला असताना इंजिन चालू होतच नसे. आता हेच काम बहुधा क्लचखालचा स्विच करतो. काही मॉडेलमध्ये न्यूट्रल आणि पीटीओलाही वेगळे स्विच असतात.

विजेची वाट साधी आहे. बॅटरीतून फ्यूज, तेथून चावी, मग सेफ्टी स्विच, आणि शेवटी स्टार्टरवरील सॉलेनॉइडची बारीक तार. काही गाड्यांत मध्ये रिले असतो. वाटेत कोठेही खंड पडला की स्टार्टर फिरत नाही. म्हणून दोष नेहमी स्विचचाच असतो असे नाही.

तपासणी या क्रमाने करावी

१) ट्रॅक्टर न्यूट्रलमध्ये, पीटीओ बंद, हँडब्रेक ओढलेला, चाकांखाली दगड. पुढे-मागे कोणी उभे राहू नये.

२) बॅटरी मोजावी. पूर्ण भरलेली १२ व्होल्टची बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते, १२.२ म्हणजे जवळपास निम्मी. टर्मिनलवरील पांढरी बुरशी आणि अर्थची सैल तार आधी दुरुस्त करावी.

३) क्लच पूर्ण दाबून चावी फिरवावी व कान द्यावा. 'टक्' आवाज येऊन स्टार्टर फिरत नसेल, तर बहुधा बॅटरी, जाड तारा किंवा स्टार्टर पाहावा. काहीच आवाज नसेल, तर फ्यूज, चावी, सेफ्टी स्विच किंवा बारीक तार संशयित.

४) स्विच डोळ्यांनी पाहावा. पट्टी वाकली आहे का? दट्ट्या चिखलाने अडकला का? उंदरांनी तार कुरतडली का? पायटाची सेटिंग बदलल्यावर दट्ट्या पुरेसा दाबला जात नाही, असेही होते. अशा वेळी स्विच चांगला असतो, फक्त जागा जुळवावी लागते.

५) चावी बंद करून स्विचच्या तारा काढाव्यात व मल्टिमीटर लावावा. दोन तारांचा साधा क्लच स्विच असेल, तर पायट दाबल्यावर जोड मिळावा आणि सोडल्यावर तुटावा. तसे होत नसेल तर स्विच बदलावा. नवा घेताना जुना नमुन्याला न्यावा. सारखे दिसणारे दोन स्विच उलट कामाचे असू शकतात.

६) दुरुस्तीनंतर उलट परीक्षा घ्यावी. न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक लावून, क्लच न दाबता चावी फिरवावी. क्लच स्विच असलेल्या ट्रॅक्टरचा स्टार्टर फिरता कामा नये.

ही सहावी पायरी बहुतेक जण विसरतात. बंद पडलेल्या स्विचची तक्रार मालक स्वतः घेऊन येतो. पण कायम जोडून राहिलेल्या स्विचची तक्रार कोणी करत नाही, कारण ट्रॅक्टर झटकन चालू होतो. धोका मात्र त्यातच जास्त आहे.

मोठ्या बागांत गवत कापण्याच्या बसून चालवायच्या यंत्रांतही हीच रचना असते. तेथे आसनाखाली, ब्रेकला आणि पात्याला स्विच असतात; पाते फिरत असताना चालक उठला तर इंजिन बंद व्हावे म्हणून. अशा काही पेट्रोल इंजिनांत स्विच अर्थ जोडून ठिणगी बंद करतो. तेथे तार काढून टाकली, तर इंजिन बंदच न होण्याची भीती असते. म्हणून वायरिंगचा नकाशा पाहिल्याशिवाय हात घालू नये.

पीटीओ आणि कपडा

पीटीओचा दांडा मिनिटाला ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला ९. मी जो माल विकतो, तोच येथे घात करतो. दुपट्टा, पदर, लुंगी, गळ्यातला रुमाल. विणलेला कपडा सहज फाटत नाही, तो माणसालाच ओढून नेतो. मळणी यंत्रांच्या अपघातांसाठीच धोकादायक यंत्रे (नियमन) कायदा १९८३ साली झाला. मजुराला इजा झाल्यास भरपाईची तरतूद त्यात आहे. दांड्यावरचे झाकण काढून ठेवणाऱ्या गिऱ्हाइकाला हे जरूर सांगावे.

धंद्याचा हिशेब

हंगामात गिऱ्हाईक घाईत असते. "उस्ताद, डायरेक्ट करून द्या, नंतर बघू," असे म्हणते. ते 'नंतर' सहसा येत नाही. तार तशीच राहते, आणि पुढे कधीतरी मालकाचा मुलगा खाली उभा राहून चावी फिरवतो. तेव्हा गावात नाव निघते ते तार जोडणाऱ्याचे.

म्हणून चार नेहमीचे स्विच दुकानात ठेवा. तपासणीची मजुरी वेगळी सांगा आणि हक्काने घ्या. बिलावर 'स्विच बदलला, तपासला' असे लिहा. स्विच मिळत नसेल तर ट्रॅक्टर एक दिवस उभा ठेवा, पण डायरेक्ट करू नका. एक गिऱ्हाईक रागावून गेले तरी चालेल. आपल्या हाताने जोडलेल्या तारेमुळे कोणाच्या घरात मातम होऊ नये.